काडेपेटी छातीवर, स्टॉपवॉच कपाटात

वाचकाचं पत्र:

‘मॅडम, नमस्कार. माझं वय ५४, राहणार इंदिरानगर, नाशिक. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो संपून महिना झाला. आता शेक (रेडिएशन) सुरू व्हायचेत. त्याआधी एक सीटी स्कॅन काढायला नेलं. तिथे छातीवर प्लास्टिकची छोटी डबी ठेवली, डोळ्यांना चष्मा लावला आणि “मोठा श्वास घ्या, धरा” म्हणाले. मला १२ सेकंदांच्या पुढे जमेना. तिथली मुलगी चांगली होती. म्हणाली, “काकू, घरी सराव करा, सोमवारी परत बघू.” तेव्हापासून घरात लष्कर आलंय. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहाटे साडेपाचला मला उठवतात, मांडी घालून बसवतात, हातात स्टॉपवॉच. वहीत आलेख काढलाय. ४० सेकंदांचं टार्गेट आहे. काल २६ सेकंदांना मला चक्कर आली. डोक्यात गोंधळ आहे तो वेगळाच. माझ्या पुण्याच्या बहिणीला चार वर्षांपूर्वी उजव्या बाजूला हेच झालं होतं, तिला श्वासाबिसाचं कोणी काही बोललं नाही. ओझरच्या आमच्या थोरल्या दिरांना फुप्फुसात खालच्या भागात गाठ आहे, त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात सांगितलं, “श्वास धरू नका, नेहमीसारखा घ्या.” मग खरं काय? मला जमलंच नाही तर हृदय खराब होईल का? मशीन चालू असताना खोकला आला तर? रात्री झोप लागत नाही. — दम कोंडलेली’

ताई,

ते स्टॉपवॉच आजच्या आज कपाटात ठेवायला सांगा. मांडी घालून बसणं बंद, पहाटेचं उठणं तर बंदच. केमोतून नुकतं बाहेर पडलेल्या माणसाला त्या वेळी झोप हवी असते.

तुमच्या यजमानांवर मी रागावलेली नाही हं. उलट मला ते आवडले. आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर वर्षानुवर्षं जे नवरे बसलेले पाहिले, त्यांतल्या बऱ्याच जणांना बायकोचं सिटिंग कितवं चाललंय हेही सांगता यायचं नाही. हे गृहस्थ निदान आलेख काढताहेत. फक्त तो भलत्याच गोष्टीचा काढताहेत, आणि ते त्यांनाच कसं पटवायचं ते पुढे सांगते.

मी मेडिकल फिजिसिस्ट होते. (हे सांगितलं की गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर आजही कोणीतरी विचारतं, ‘म्हणजे फिजिओथेरपी ना? माझा जरा गुडघा बघा.’ तसं नाही. शेक कुठून, किती आणि कोणत्या कोनातून द्यायचा याचं गणित आम्ही मांडतो आणि मशीन ठरवलंय तेवढंच देतंय ना हे तपासतो.) तेव्हा तुमच्या प्रश्नांची उत्तरं त्या गणिताच्या बाजूने देते. औषधांचं आणि आजाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी हृदयाचं बोलू, कारण झोप त्यानेच उडाली आहे.

स्तनाला शेक देताना किरण समोरून सरळ छातीत घुसवत नाहीत. बरगड्यांचा पिंजरा गोल असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तिरके, त्या गोलाईला चाटून जातील असे सोडतात. कलिंगडाची साल सुरीने कडेकडेने उतरवावी तसं. डाव्या बाजूची अडचण अशी की त्या सालीच्या लगेच आत हृदयाची पुढची कड असते आणि हृदयाला रक्त पुरवणारी एक मोठी वाहिनी नेमकी त्याच कडेवरून खाली उतरते. साधा श्वास चालू असताना हृदय छातीच्या भिंतीला टेकून असतं. छाती भरून श्वास घेतला की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा, खाली उतरतं. त्याच्यासोबत हृदयही खाली आणि आतल्या बाजूला सरकतं आणि मधली जागा हवेने फुगलेलं फुप्फुस घेतं. हे अंतर बोटभर पडलं तरी पुष्कळ, किरण हृदयाला टाळून निघून जातो. तुम्हाला श्वास धरायला लावतात तो एवढ्यासाठी.

तुमच्या बहिणीचं उत्तरही यातच आलं. तिचं उजव्या बाजूचं होतं. हृदय त्या किरणांच्या वाटेत येत नव्हतं, मग तिला कशाला कोणी श्वास धरायला लावेल? तिच्यावर कमी कष्ट घेतले आणि तुमच्यावर जास्त, असं काही नाही.

आता जमलंच नाही तर काय. यावर बोलताना एका अभ्यासाचा आधार घ्यावाच लागतो. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात स्तनाच्या कॅन्सरसाठी शेक घेतलेल्या २,१६८ बायकांच्या नोंदी तपासून तो २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला गेला. हृदयाला सरासरी जितके ग्रे मिळाले (ग्रे हे आमचं किरणांचं माप), त्यातल्या दर एका ग्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हा आकडा मोबाइलवर वाचून घाबरलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांना वाटतं, शंभरातल्या सात जणींना अॅटॅक येतो. तसं ते नाही. तुमचा मुळात जेवढा धोका आहे, त्याच्या ७.४ टक्के. समजा, तुमच्यासारख्या १०० जणींपैकी चौघींना पुढेमागे हृदयाचा त्रास होणारच होता, तर एका ग्रेमुळे त्या चारच्या जागी ४.३ होतात. आणि त्या अभ्यासातल्या बायकांच्या हृदयाला सरासरी ४.९ ग्रे मिळाले होते. त्यांतल्या कितीतरी जणींवर उपचार झाले तेव्हा सीटीवर प्लॅनिंग करायची सोयच नव्हती.

म्हणजे हा धोका कमी करता येत असेल तर करावा, पण त्यापायी झोप घालवू नये. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता किंवा तो व्हायची कारणं होती, त्यांचं नुकसान प्रत्यक्षात जास्त झालं. तेव्हा बीपीची गोळी असेल तर ती वेळेवर घ्या. साखर असेल तर सांभाळा. श्वास धरण्याच्या नादात हे विसरणारी माणसं मला माहीत आहेत.

सोमवारी गेल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा. अशा वेळी साधारणपणे दोन सीटी काढतात, एक साध्या श्वासात आणि एक श्वास धरून. विचारा, ‘या दोन्हींत माझ्या हृदयाला मिळणाऱ्या सरासरी डोसमध्ये किती फरक पडतो?’ उत्तर ग्रेमध्ये येईल. काही बायकांची शरीराची ठेवणच अशी असते की साध्या श्वासातही हृदय किरणांपासून लांब राहतं. तसं असेल तर डॉक्टर स्वतःच म्हणतील, धरू नका श्वास, गरज नाही. फरक मोठा असेल तर मेहनत कशासाठी करतोय हे तुम्हाला कळेल. हा प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावत नाही. मला तर असे पेशंट आवडायचे.

आता तुमच्या यजमानांसाठी. हा भाग त्यांना वाचून दाखवा.

साहेब, तुम्ही क्वालिटीला होतात. शाफ्ट गो-नोगो गेजवर तपासताना तो ‘जितका जाड तितका चांगला’ असं कधी म्हणालात का? वरची मर्यादा असते, खालचीही असते. त्या दोन्हींच्या मधे बसला की पास. तुमच्या बायकोच्या श्वासाचं तसंच आहे. सीटीच्या दिवशी तिची छाती जितकी वर आली, शेकाच्या वेळी प्रत्येक वेळा तितकीच वर यायला हवी. कमी नको, जास्तही नको. त्या चष्म्यात तिला एक पट्टा आणि छातीवरच्या डबीबरोबर वर-खाली होणारी एक रेषा दिसली असेल. पट्टा काही मिलिमीटरांचा असतो. रेषा पट्ट्यात असली तरच किरण सोडतात. तिने एके दिवशी तुमच्या जोरावर फुप्फुस ठासून भरलं आणि रेषा पट्ट्याच्या वर गेली, तर तो रिजेक्ट पीस आहे. ४० सेकंद धरला तरी.

मग किती सेकंद लागतात? एका बाजूचा किरण साधारण १५-२० सेकंदांत आटोपतो. त्यानंतर मशीन फिरून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत ती हवा तसा श्वास घेते. २० सेकंद जमत नसतील तर तोच किरण दोन तुकड्यांत देता येतो: दहा सेकंद, मधे आराम, पुन्हा दहा. दोन्ही दहा एकसारखे हवेत, एवढीच अट. तुम्ही आलेखावर जे ४० लिहिलंय, ते कोणी मागितलेलंच नाही. पहिल्याच दिवशी, भीती पोटात घेऊन, अनोळखी माणसांसमोर तिने १२ धरले. तिथून २० पर्यंत जायला पहाट लागत नाही.

आणि ताई, ती चक्कर. ती का आली हे मी इथून सांगू शकत नाही, पण केमोनंतर बऱ्याचदा हिमोग्लोबिन उतरलेलं असतं आणि मग साधा जिनाही दमवतो. चक्कर आली हे डॉक्टरांना सोमवारपर्यंत न थांबता फोन करून सांगा. भस्रिका, कपालभाती असलं काही सराव म्हणून करू नका. आधी भराभर श्वास घेऊन मग कोंडला तर सेकंद वाढलेले दिसतात, पण डोकं गरगरतं आणि छातीची उंची प्रत्येक वेळी वेगळी येते. आम्हाला नको असलेलं सगळं त्यात आहे.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या मधल्या काळात आमच्याकडे ही श्वास धरायची पद्धत नवीन आली होती आणि मी जरा शेफारले होते. एक बाई होत्या, तुमच्याच वयाच्या. पडद्यावरची त्यांची रेषा अशी सुरेख पट्ट्यात जाऊन बसायची की मी बाकीच्या पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायचे. टेबलावरच जो एक्स-रे काढून जागा तपासतो, त्यात मात्र छातीची भिंत जागेवर दिसेना. दोनदा काढला, तेच. शेवटी आमची ज्येष्ठ टेक्नॉलॉजिस्ट आत गेली, बाईंच्या पाठीखाली हात सरकवला आणि हसायला लागली. बाई श्वास घेतच नव्हत्या फारसा. पाठ उचलत होत्या! रेषा वर न्यायचीय, तर पाठीची कमान करायची, डबी आपोआप वर. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखं त्यांनी आम्हाला खूश केलं होतं. फुप्फुस होतं तेवढंच, हृदय होतं तिथेच. आणि मी पडद्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

नाशिककराला हे समजवायला सोपं आहे. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघून आपण पूर मोजतो. कमरेला पाणी लागलं की म्हणतो, गंगापूरमधून बरंच सोडलेलं दिसतंय. धरण कोणी डोळ्यांनी बघत नाही, मारुती बघतो. छातीवरची ती डबी म्हणजे आमचा मारुती. आत हृदय कुठे आहे हे तिच्यावरून ओळखायचं. पण शहरातच धो-धो पाऊस झाला, वाटेतले नाले भरून आले, तरीही मारुतीचे पाय बुडतात आणि धरणाचे दरवाजे बंदच असतात. कमान केलेली पाठ म्हणजे तो नाल्याचा पाऊस. म्हणून नुसत्या डबीवर विसंबत नाहीत. अधूनमधून एक्स-रे किंवा टेबलावरचा सीटी काढून आत खरोखर काय आहे ते पाहतात. काही ठिकाणी डबीच्या जागी छताला लावलेले कॅमेरे सगळ्या छातीचा पृष्ठभाग वाचतात. काही ठिकाणी नाकाला चिमटा लावून तोंडात नळी देतात आणि ठरलेली हवा आत गेली की झडप बंद होते. त्यात हातात एक बटण असतं, सोडलं की झडप उघडते. आणि यांपैकी काहीच नसेल तरी बिघडत नाही. ब्रिटनमध्ये ‘हार्टस्पेअर’ नावाचा अभ्यास झाला. स्वतःहून धरलेला श्वास, त्यावर त्वचेवरच्या खुणा आणि लेझरचा दिवा पाहून लक्ष ठेवणं, हे त्या झडपेच्या यंत्राच्या तोडीचं निघालं आणि पेशंटना तेच अधिक बरं वाटलं.

तर सराव. जमिनीवर चटई टाकून उताणं झोपा. गादी नको, कारण तिथलं टेबल कडक असतं. दोन्ही हात डोक्याच्या वर, कोपरात वाकवून, जसे सीटीच्या वेळी ठेवले होते तसे. माझ्या मते तुमचा खरा अडथळा श्वासाचा नसून हाताचा असण्याची शक्यता बरीच आहे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर खांदा आखडतो. हात वर ठेवून पाच मिनिटांत रग लागली की माणूस श्वास धरेल की कळ सोसेल? मांडी घालून केलेल्या सरावात हे कळतच नाही. खांद्याचे व्यायाम ज्यांनी शिकवले असतील ते रोज करा, श्वासाआधी ते करा.

झोपल्यावर दोन-तीन साधे श्वास. मग सावकाश एक मोठा श्वास, पण काठोकाठ नको. पातेल्यात दूध तापवताना वर जशी जागा सोडतो तशी थोडी सोडायची. पोटापेक्षा छाती वर येऊ दे, पाठ आणि ढुंगण चटईला चिकटलेलं. धरा. मनात सावकाश आकडे मोजा किंवा रामरक्षेच्या दोन ओळी म्हणा, ज्याने मन शांत राहील ते. नकोसं व्हायच्या आधीच हळू सोडा. चार-पाच साधे श्वास घेऊन पुन्हा. असं पाच वेळा सकाळी उजाडल्यावर, पाच वेळा संध्याकाळी. जेवल्यावर लगेच नको, भरलेलं पोट श्वासपटलाला खाली जाऊ देत नाही.

यजमानांचं काम आता. छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या टोकाशी, एक काडेपेटी ठेवा. शेजारी जमिनीवर फूटपट्टी उभी धरा. श्वास घेतल्यावर काडेपेटी किती वर आली ते वाचा, वहीत लिहा. पाचही वेळा आकडा सारखा आला का? एकदा १५ मिलिमीटर, एकदा २५ आणि एकदा १२, असं होत असेल तर सेकंद कितीही असोत, काम झालेलं नाही. आणि श्वास धरलेला असताना काडेपेटी तिथेच स्थिर राहते की हळूहळू खाली उतरते, हेही बघा. ती उतरत जाणं हे आम्हाला पडद्यावर रोज दिसतं. घशातून थोडी थोडी हवा निसटत असते. दुसरा हात बायकोच्या पाठीखाली सरकवून बघा, कमान होतेय का. सगळ्यात मुख्य म्हणजे तुमचा आवाज. सीटीच्या दिवशी टेक्नॉलॉजिस्ट नेमकं काय बोलली होती ते आठवून तेच शब्द, त्याच लयीत म्हणा. तिथे ‘साँस लीजिए, रोकिए’ असं हिंदीत म्हणत असतील आणि ताईंना ते दचकवत असेल, तर ‘मराठीत सांगा’ असं आधीच सांगायला हरकत नाही. पण मग सगळे दिवस तेच शब्द ठेवा. ऐकून श्वास घेण्याची एक सवय बसते. शब्द बदलले की तो खोल-उथळ व्हायला लागतो.

खोकल्याचं. बहुतेक मशीन रेषा पट्ट्याबाहेर गेली की किरण आपोआप थांबवतात. नसेल तशी सोय, तरी बाहेर बसलेली व्यक्ती कॅमेऱ्यातून तुमच्याकडेच बघत असते आणि तिचं बोट बटणाजवळ असतं. थांबलेला किरण जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू होतो, मशीनमधला मीटर मोजत असतो. पहिल्यापासून पुन्हा देत नाहीत आणि राहिलेला सोडूनही देत नाहीत. म्हणून सिटिंगच्या मधेच मशीनचा घरघर आवाज बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर ‘बिघडलं वाटतं’ असं मनात आणू नका. बाहेरचे नातेवाईक दारावरचा लाल दिवा चालू-बंद होताना बघून हमखास घाबरतात, त्यांनाही सांगून ठेवा. खोकला येतोय वाटलं तर हात हलवू नका, ‘थांबा’ म्हणा; आत माइक असतो. आणि किरण थांबायच्या आत एखाद-दुसरा सेकंद श्वास सुटलाच, तर सगळ्या सिटिंगच्या हिशेबात तो फारच किरकोळ. आजकाल बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत १५ सिटिंग देतात, तुमचे किती ते विचारून घ्या. एवढ्या हिशेबात एक ठसका बुडून जातो.

आता ओझरचे भावजी. त्यांना सांगितलेलं आणि तुम्हाला सांगितलेलं यात विरोध वाटतो, पण दोन्हीकडे दुखणं एकच आहे: श्वासाने आतली वस्तू हलते. तुमच्या बाबतीत ती थांबवता येते. त्यांच्या बाबतीत गाठ श्वासपटलाला लागून, फुप्फुसाच्या तळाशी आहे. ती प्रत्येक श्वासाला वर-खाली होत असणार. तिथल्या गाठी सेंटिमीटरभर, कधी दोन सेंटिमीटरही हलतात. वरच्या भागातल्या त्या मानाने शांत असतात. आणि फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसाला दिवसेंदिवस एकसारखा श्वास धरायला लावणं अनेकदा अवघड असतं.

म्हणून त्यांच्याकडे उलटी वाट धरली. हलू दे, पण किती हलते ते आधी बघू. साध्या सीटीत हे दिसत नाही. हलत्या पाळण्यातल्या बाळाचा फोटो एकेक पट्टी करून काढला, डोक्याची पट्टी आत्ता, पोटाची थोड्या वेळाने, तर बाळ कधी लांब दिसेल, कधी अर्धं गायब. तळाशी हलणाऱ्या गाठीचं साध्या सीटीत तेच होतं. त्यासाठी जो सीटी काढतात त्याला आम्ही फोर-डी म्हणतो. पोटावर डबी किंवा पट्टा ठेवून श्वासाची नोंद घेतात, प्रत्येक जागेची चित्रं सबंध श्वास होईपर्यंत काढत राहतात आणि मग श्वासाच्या टप्प्यांप्रमाणे, बहुतेक ठिकाणी दहा टप्प्यांत, त्यांची वर्गवारी करतात. ती एकामागून एक चालवली की गाठ वर-खाली जाताना डोळ्यांनी दिसते. मग ती जिथे जिथे जाते ती सगळी जागा धरून शेक आखतात. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २००६ मध्ये एक अहवाल काढला. कोणत्याही दिशेला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल असेल तर तिचा बंदोबस्त करा, असं त्यात आहे. आम्ही सगळे तो आकडा तोंडपाठ ठेवून मोठे झालो. बंदोबस्ताचे आणखीही प्रकार आहेत. पोटावर बरगड्यांखाली पट्टी दाबून श्वासच उथळ करायचा, किंवा फक्त श्वास सोडल्यानंतरच्या विसाव्याच्या क्षणी किरण सोडायचा.

या सगळ्यात भावजींनी करायचं काय, तर काहीच नाही. नेहमीचा श्वास. सीटीच्या दिवशी त्यांनी ‘आपलं नीट दिसावं’ म्हणून मोठाले श्वास घेतले आणि शेकाच्या दिवशी साधे, तर आखलेली जागा आणि खरी जागा जुळणार नाही. त्यांना फोन करून तुमच्याकडचा सराव तेवढा शिकवू नका, ही विनंती. तुमच्या यजमानांना तो मोह होणार, मला दिसतंय.

आणि समजा सोमवारीही तुम्हाला नाही जमलं. शरीराच्या ठेवणीप्रमाणे इतर वाटा आहेत. काहींना पालथं झोपवून शेक देतात, स्तन छातीपासून लोंबता राहतो आणि किरण हृदयाला टाळतो. मात्र काखेतल्या किंवा गळ्याजवळच्या गाठींनाही शेक द्यायचा असेल तर ते कठीण होतं. काहींमध्ये मशीनच्या आतल्या शिशासारख्या जड पट्ट्यांनी हृदयाचा तेवढा कोपरा झाकता येतो, जर गाठ होती ती जागा त्याच्याआड येत नसेल तर. किरणांचे कोन बदलूनही काही भागतं. कोणती वाट तुमची, ते तुमचे डॉक्टर आणि तिथला फिजिसिस्ट तुमच्या सीटीवर बसून ठरवतील. श्वास धरता आला नाही म्हणून शेक थांबला, असं मी तरी पाहिलेलं नाही. शेक कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे, त्याची जागा पहिली.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘तिथली मुलगी चांगली होती.’ सोमवारी ती असेल तर तुम्हाला आत घेऊन दार लावायच्या आधी तिला सांगा की भीती वाटते. दोन मिनिटं जास्त देईल. पट्टा तुमच्या सोयीच्या उंचीवर बसवून घेता येतो का, तेही तिलाच विचारा. पहिल्या दिवशी घाईत पट्टा जरा वर बसलेला असणं अशक्य नाही.

निघताना वेळ हाताशी ठेवून निघा. द्वारका चौकात अडकलात आणि धापा टाकत जाऊन टेबलावर पडलात, तर पहिली दहा मिनिटं वाया जातात. आधी बाहेर बसा, घोटभर पाणी प्या. पुढून उघडणारं काहीतरी घाला. त्वचेवर सीटीच्या दिवशी केलेल्या खुणा घासू नका. आणि पायात मोजे घाला. मशीनसाठी ती खोली थंड ठेवतात, कुडकुडताना कोणाचाच श्वास एकसारखा येत नाही.